बयाआत्तीच्या दारावरचा बोर्ड

पैज लागली ती एका मुतारीवरनं.

झालं असं, आखाडाच्या शेवटच्या दिवशी मी सुभेदार दादासोच्या गेटावर एक कागद चिकटवला. ‘सदर जागी सार्वजनिक मुतारी मंजूर झाली असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ खाली गोल शिक्का. शिक्का माज्याच दुकानातला. कुपवाडात मेन रोडला माजं फ्लेक्स आन् रबरी शिक्क्यांचं दुकान हाय, पंचवीस वर्सं झाली. दादासो फौजेत सव्वीस वर्सं काढून आल्याला माणूस, बर्फात झोपल्याला, गोळ्या चुकवल्याला. पण मुतारी म्हणल्यावर गडी आठ माणसं घेऊन थेट म्हापालिकेच्या ऑफिसात धडकला. तिथल्या क्लार्कनं शिक्का नीट बगितला. शिक्क्यात गोल लिवलं हुतं, ‘नाथाजी फ्लेक्स, कुपवाड’.

संध्याकाळी सगळी गल्ली माज्या कट्ट्यावर.

“नाथाजी,” दादासो म्हणला, “तू माणूस हायस का सर्कस?”

“दोनी.”

“उद्यापासनं श्रावण. लोक मटण सोडत्यात, दारू सोडत्यात. तुला ह्ये धंदे सोडाय जमतंय?”

“सोडले. महिनाभर एक बी न्हाई.”

“आठ दिवस जमायचं न्हाई तुला, गड्या.”

“लावतुयास पैज?”

“लावली! हरणारानं चौकात उभारायचं आन् चारचौघांदेखत जिंकणारा सांगल ते करायचं. बायकोच्या साडीत नाच म्हणलं तर नाचायचं.”

“माज्या बायकोची साडी तुला व्हायची न्हाई, दादासो. पोट आवर.”

गल्ली हासली. साक्षीला बयाआत्ती बसली. ही काय माजी सख्खी आत्ती न्हवं, गल्लीची आत्ती. मूळची आटपाडीकडची. वाट्याला आल्याली मेंढरं इकून नवरा-बायकोनं हितं जागा घेतली. नवरा फौंड्रीत लागला, त्येच्या माघारी आत्तीनं कर्ज काढून दोन खोल्या आन् मोठं सैपाकघर बांधलं. कंपनीतल्या कामगारांचं चाळीस डबं रोज त्या घरातनं निघत्यात. पोरगा इंद्रजित तिकडं त्रिचीला, एका विट्याकडच्या माणसाच्या सोनं आटवायच्या दुकानात.

“मी हाय साक्षीला,” आत्ती म्हणली. “ह्या मुडद्यानं माज्या बी दारावर कागद लावल्याला. मटणाच्या वासानं शेजाऱ्यांस्नी तरास हुतुया, पाच वाट्या रस्सा दंड भरा म्हणून.”

“आवं, भरलासा की!”

“भरला. आन् पळी बी घातली तुज्या पाठीत.”

पयलं अकरा दिवस मी कसं काढलं माजं मला ठावं. हाताला निस्ती खाज सुटायची. समोर उघडी भिंत दिसली की जीव कासावीस व्हायचा.

बाराव्या दिवशी, शनवारी दुपारी, दुकानात एक गिऱ्हाईक आलं. तिशीतला गडी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. नाव शंभूराज, साताऱ्याचा. बोलायला लय गोड.

“काका, चार बाय तीनचा बोर्ड करा. गुरुवारी सकाळी पायजे.”

“मजकूर?”

त्यानं मोबाइलवर पाठवला. मी टायपाय बसलो. ‘जाहीर सूचना. ही मालमत्ता कंपनीच्या ताब्यात असून कोणीही व्यवहार करू नये. कर्जदार, श्रीमती बयाबाई...’

माजी बोटं थांबली. फुडं घर नंबर. गल्लीचं नाव. माज्याच गल्लीचं.

“काय झालं, काका?”

“काय न्हाई, बटण अडाकतंय. कुठलं म्हणायचं ह्ये घर?”

“हितलंच. मूळ कर्ज दुसऱ्या कंपनीचं हुतं, त्येंनी आमाला इकलं. थकबाकी हाय. गुरुवारी अकराला ताबा. तहसीलचं सर्कलसाहेब, पोलीस, कुलूपवाला, व्हिडिओवाला, सगळं ठरलंय. तहसीलची नोटीस आत्ताच दारावर लावून आलो.” त्यो हासला. “लोक रडत्यात हो अशा टायमाला. ही बाई हासली. म्हणली, लावा लावा, नीट चारी बाजूनं चिकटवा.”

ती का हासली ह्ये मला एका झटक्यात कळलं.

त्यानं पाचशे रुपय ॲडव्हान्स दिलं, कंपनीच्या नावानं पावती घेतली आन् गेला. मी शटर अर्धं ओढलं आन् गाडीला किक मारली.

गल्लीत शिरलो तर आत्तीच्या दारात निस्ती जत्रा. मधी दादासो उभा, हातात त्यो कागद, मिशीला पीळ.

“या, नाथाजीराव! अकरा दिवस! म्या म्हणल्यालं का न्हाई? हरलास गड्या!”

“दादासो, त्यो कागद माजा न्हाई.”

सगळी खदाखदा हासली.

“ह्या बारीला लय झ्याक जमलाय बग,” आत्ती म्हणली. “माणूस बी भाड्यानं आणल्याला. गळ्यात पट्टाबिट्टा घालून.”

“आत्ती, आईशप्पत, माजा न्हाई. त्यो खरा माणूस हाय. गुरुवारी तुमचं घर कुलूपबंद करणार हाईत.”

“तहसीलदाराची सही बी केलीस काय रं?” दादासोनं कागद उजेडात धरला. “कायद्यानं आत जाशील.”

मी काय बी बोललो की हशा वाढायचा. शेवटी मी खिशातली त्या पावतीची दुसरी प्रत काढून आत्तीच्या हातात दिली. तिला वाचाय येतंय. तिनं पावती वाचली, मग वर बगितलं, माज्या तोंडाकडं. लय येळ बगितलं.

“गप बसा समदी,” ती म्हणली. “ह्यो थाप मारतुया तवा ह्येच्या नाकपुड्या फुगत्यात. आज न्हाईत फुगल्या.”

दादासोनं हातातला कागद खाली केला.

“नाथा, म्हंजे ह्यो खरा हाय?”

“व्हय, आत्ती.”

ती आत गेली आन् पिठाच्या डब्यामागनं दोन कागद घेऊन आली. घडी घातल्यालं, जपून ठेवल्यालं.

“मग ह्ये बी खरं असत्याल,” ती म्हणली. “तुजंच समजून ठेवलं हुतं. दिवाळीला इंद्रजित आला की त्येला हासायला दावणार हुते.”

मी दोनी कागद तिच्या हातातनं घेऊन दादासोकडं दिलं.

दादासोनं चष्मा लावला आन् वाचलं. पयला कागद: तुमचं कर्ज जुन्या कंपनीनं आमाला इकलं हाय, आता पैसं आमाला द्या, साठ दिवसात द्या न्हाईतर घर घेऊ. ते साठ दिवस कवाच उलटून गेल्यालं. दुसरा: घराचा कागदोपत्री ताबा घेतला हाय. आन् आजचा तिसरा: गुरुवारी अकराला प्रत्यक्ष ताबा.

दादासोच्या मेव्हण्याची पोरगी समीक्षा साताऱ्यात वकील. कर्जवसुलीच्या कज्ज्यांसाठी पुण्याला जे न्यायाधिकरण हाय तिथं तिची कायम ये-जा. दादासोनं फोन लावून स्पीकरवर टाकला. तिनं सगळं ऐकून घेतलं आन् एकच इचारलं, “मामा, दुसऱ्या नोटिशीवर तारीख काय आहे?”

दादासोनं तारीख सांगितली. पलीकडं ती मोजत असणार.

“आज एक्केचाळिसावा दिवस आहे. ताब्याविरुद्ध अर्ज पंचेचाळीस दिवसांत करावा लागतो. बुधवारनंतर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. उद्या सकाळी आजींना घेऊन या. घरात असेल तो प्रत्येक कागद आणा. चिटोरंसुद्धा टाकू नका.”

रायवारी पयल्या एसटीनं आमी तिघं निघालो. आत्तीनं मांडीवर पिशवी घट्ट धरल्याली. कराड येईपर्यंत ती माज्याशी बोलली न्हाई.

कराडच्या फुडं ती आपसूक बोलाय लागली. “जानेवारीत समदं फेडलं मी. इंद्रजितनं दोन वर्सांचा पगार साठवून धाडला. म्यानेजरनं शिक्का मारून पावती दिली, म्हणला, आजी, सुटलासा. घराचं कागद मागितलं तर म्हणला, मुंबईहनं येत्यात. मग म्हणाय लागला, विम्याचं पैसं ऱ्हायलंत. म्या कवा विमा घेतला? कुणी इचारलं मला? तशी तक्रार लिवून दिली, पोच घेतली. त्येवर उत्तर न्हाई, पत्तर न्हाई.”

“तक्रार दिल्यावर कर्ज इकलं?” दादासोनं इचारलं.

“ते मला काय ठावं? माज्या लेखी कर्जच न्हवतं. न्हाईतर ती नोटीस बगून म्या हासले असते व्हय?”

मग खिडकीभाईर बगत, माज्याकडं न बगता म्हणली, “आन् थोडं तुज्यामुळं बी हासले.”

पळी परवडली असती.

समीक्षाचं ऑफिस साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, जिन्याखालची बारकी खोली. तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. लाइट बिलं, रेशनकार्ड, इंद्रजितचा लसीचा कागद, आन् मधी ती पावती. मग तक्रारीची पोच. तिनं पोच आन् पयली नोटीस शेजारीशेजारी ठेवली.

“आजी, तुम्ही तक्रार दिली आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी त्यांनी कर्ज विकलं. वाद चालू असताना.”

“मग मी आता कुणाशी भांडू? जुना म्हणतुया खातं आमचं न्हाई. नवा म्हणतुया आमाला काय ठावं न्हाई.”

“नव्याशीच भांडायचं. कर्ज विकलं म्हणून तुमचे हक्क विकले जात नाहीत. जुन्या कंपनीला जे उत्तर तुम्ही देऊ शकत होता, तेच उत्तर नव्या कंपनीला देता येतं. विकणाऱ्याकडं जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याकडं जातो. आणि विक्री तुम्हाला कळवण्याआधी तुम्ही जुन्या कंपनीला भरलेले पैसे भरलेलेच धरायचे.”

आत्तीनं जरा इचार केला. “लंगडी मेंढी इकत घेतली तर लंगडा पाय बी त्येच्याच गळ्यात. तसंच न्हवं?”

समीक्षा पयल्यांदा हासली. “अगदी तसंच. कोर्टात असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.” तिनं आकडं मांडलं. “दुसरी गोष्ट. नऊ लाखांचं कर्ज, आणि विमा, व्याज, दंड सगळं धरून ते मागतायत दीड लाख. बाकी वीस टक्क्यांच्या आत असेल तर या कायद्यानं घर घेताच येत नाही. पण हे सगळं ऐकायला न्यायाधिकरणानं आधी आपल्याला उभं करायला हवं. अर्ज उद्या दाखल करते. स्थगिती गुरुवारच्या आत मिळेल असं वचन मी देत नाही.”

“आन् न्हाई मिळाली तर?” मी इचारलं.

“तर घराला कुलूप लागेल आणि मग ते उघडायला वर्ष जाईल.” तिनं माज्याकडं बोट केलं. “तुम्हीच ते नाथाजी ना? मामांनी मुतारीचं सांगितलंय. गुरुवारी कुणी आडवं पडायचं नाही, शिवीगाळ नाही, सरकारी माणसाच्या अंगाला हात नाही. काही चाळा केलात तर केस माझी खराब होईल.”

“माजा श्रावण चालू हाय,” मी म्हणलं.

वर्ष. चाळीस डबं रोज, आन् चूल कुठं मांडायची? परतीच्या एसटीत मी त्योच हिशेब करत बसलो.

सोमवारी अर्ज गेला. मंगळवारी समीक्षाचा फोन, अर्ज घेतला, पण सुनावणी नेमकी गुरुवारीच, यादीत चौतिसावा नंबर. म्हंजे दुपार. आन् हितं ताबा अकराला.

बुधवारी शंभूराजचा मेसेज. ‘बोर्ड झाला का?’

आमच्या धंद्यात एक पद्धत हाय. छापायच्या आदी गिऱ्हाइकाला मजकुराचा फोटो पाठवायचा. त्येनं वाचायचं, ओके म्हणायचं, मगच मशीन चालू करायचं. चूक निघाली तर ओके म्हणणाराची. मी त्येनं दिल्याला मजकूर जसाच्या तसा लावून फोटो पाठवला. दोन सेकंदात फोनवर अंगठा आला. दोन सेकंदात! चौदा ओळी हुत्या. ह्यो गडी वाचतच न्हाई.

मी खुर्चीत मागं टेकलो. हाताची खाज, पंधरा दिवस दाबल्याली, खांद्यापतूर चढली. मला समीक्षाचं बोट आठवलं. पैज आठवली. मग त्यो पिठाचा डबा आठवला. त्येच्यामागं जपून ठेवल्यालं दोन कागद, पोराला हासायला दावायचं म्हणून.

मी मजकूर पुसला आन् नव्यानं टायपला.

‘जाहीर सूचना. हे घर श्रीमती बयाबाई यांचे आहे. त्यांनी कर्ज जानेवारीत पूर्ण फेडले. जुन्या कंपनीची पावती आणि तक्रारीची पोच खाली मोठी करून छापली आहे. ती वाचल्याशिवाय कुणी कुलूप लावू नये.’ कुणाची सही घातली न्हाई, कुणाचा शिक्का मारला न्हाई. जे खरं ते छापलं. जल्मात पयल्यांदा.

फोटो पाठवला. अंगठा आला.

मी लिवलं, ‘साहेब, मजकूर बदललाय, नीट वाचा.’

‘ओके काका.’

फोनच लावला. “साहेब, एकदा वाचा. मागनं म्हणशीला सांगितलं न्हाई.”

“वाचला हो काका, छापा. मी गाडी चालवतुया.”

तीन बाऱ्या सांगितलं. ह्येच्या फुडं मी काय, ढोल वाजवणार?

गुरुवारी साडेदहाला बोर्डाची गुंडाळी करून, वर दोरी बांधून त्येच्या हातात दिली. मग दुकान बंद केलं आन् मागच्या गल्लीनं घर गाठलं.

आत्तीनं सकाळचं डबं धाडून दिल्यालं. चूल पुसल्याली. दारात पाट टाकून बसल्याली, मांडीवर तीच पिशवी. दादासो फौजेतल्यासारखा शेजारी उभा. बायका ओट्यांवर. समीक्षाचा मेसेज आला, ‘बारावा नंबर चालू.’

अकराला गाड्या आल्या. सर्कलसाहेब पन्नाशीचा, थकल्याला माणूस. दोन पोलीस, त्यातली एक बाई. कुलूपवाला. खांद्यावर कॅमेरा घेतल्याला व्हिडिओवाला. आन् शंभूराज, काखेत माजी गुंडाळी.

“आजी,” सर्कल म्हणला, “सामान भाईर काढा. मला बी बरं वाटत न्हाई, पण हुकूम हाय.”

“साहेब, अर्ज केलाय आमी. पुण्यात आज दुपारी ऐकणार हाईत.” आत्तीनं अर्जाची प्रत फुडं केली.

सर्कलनं ती वाचली, निस्ती वरवर न्हाई, पूर्ण वाचली. “अर्ज हाय. स्थगिती हाय का?”

“न्हाई अजून.”

“मग मला थांबता येत न्हाई. स्थगितीचा कागद दावा, मी हितनं परत जातो.”

दादासोनं घड्याळ बगितलं. मी फोन बगितला. ‘सतरावा.’

सामान भाईर याय लागलं. मोठी पातेली, डब्यांची चळत, परात. पोलीसबाईनं स्वता एक बाजू धरली. आत्ती उठली आन् देवाची पेटी तेवढी तिनं आपल्या हातानं आणली. इंद्रजितच्या बाच्या फोटोला कुलूपवाल्यानं हात लावला तवा ती म्हणली, “त्येला ऱ्हाऊ दे. त्येंनी ही जागा सोडायची न्हाई म्हणल्यालं.” कुलूपवाला फोटो तसाच सोडून भाईर आला.

पावणेबारा. ‘बाविसावा.’

आतलं सगळं रिकामं झालं. कडी ओढली. कुलूपवाल्यानं कुलूप काढलं.

“थांब,” सर्कल म्हणला. “आदी बोर्ड. बोर्डासकट कुलपाचा फोटो लागतुया मला पंचनाम्याला. व्हिडिओ चालू कर रं.”

शंभूराजनं दोरी सोडली. एक टोक कुलूपवाल्यानं धरलं, एक त्येनं, आन् दारावर बोर्ड पसरला. त्यो बोर्डाच्या मागं, त्येला अक्षरं दिसंनात. कॅमेरा समोर. गल्ली समोर.

पयला दादासोच वाचाय लागला, मोठ्यानं, परेडीच्या आवाजात. “हे घर श्रीमती बयाबाई यांचे आहे...”

शंभूराजचं तोंड बोर्डाच्या वरनं हळूच भाईर आलं.

“त्यांनी कर्ज जानेवारीत पूर्ण फेडले...”

“ह्ये काय हाय?” सर्कल फुडं झाला. पावती एवढी मोठी छापल्याली की शिक्क्याची शाई पसरल्याली बी दिसत हुती. त्येनं तारीख वाचली. मग पोच वाचली. मग शंभूराजकडं वळला. “ह्यो तुमचा बोर्ड?”

“साहेब, ह्यो... प्रिंटिंगवाल्यानं...” त्येची नजर फिरत फिरत माज्यावर आली. “काका, तुमी?”

“तीन बाऱ्या ओके म्हणलासा, साहेब,” मी फोन फुडं केला. “ह्यो बगा अंगठा.”

“हरलास!” दादासो एवढ्या मोठ्यांदा वरडला की पोलीस दचाकला. “हरलास नाथाजी! चाळा केलास! पैज हरलास!”

“हरलो, हरलो, आता गप बस,” मी म्हणलं.

सर्कलच्या कपाळाला आठ्या. मला वाटलं, आता मलाच गाडीत घालतुया. त्येनं मला खालपासनं वरपतूर बगितलं. “तुमचं नंतर बगू,” म्हणला. आन् शंभूराजला, “ह्ये सगळं रेकॉर्ड झालंय. हितं कंपनीच्या माणसाच्या हातात पावतीचा बोर्ड आन् त्योच माणूस कुलूप लावतुया, असा पंचनामा मी सही करून वर धाडू? नीट बोर्ड आणा. बोर्डाशिवाय मी फोटो काढत न्हाई. दीडला मला दुसरं काम हाय.”

“साहेब, निस्तं कुलूप लावू, बोर्ड मागनं...”

“न्हाई. पद्धत म्हंजे पद्धत.”

शंभूराज गाडी काढून सांगलीकडं पळाला. आमी सगळी उन्हात उभी. आत्ती पातेल्यांच्या राशीत बसली. कुणी च्या केला, सर्कलला दिला, त्येनं घेतला न्हाई.

साडेबारा. ‘अठ्ठाविसावा.’ पाऊण. ‘एकतिसावा, जेवणाची सुट्टी आधी होईल की नंतर माहीत नाही.’ सुट्टी आदी झाली तर संपलं. एक वाजाय धा कमी असताना समीक्षाचा फोन आला तर पयल्यांदा आपल्याला कळावा म्हणून आत्तीनं माजा फोन माज्या हातातनं काढून घेतला आन् पदराखाली धरून बसली.

एक वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर शंभूराजची गाडी दिसली. मागच्या शिटावर नवी गुंडाळी.

आन् आत्तीच्या पदराखाली फोन वाजला.

तिला उचलाय जमंना. बोट घासतीया आन् फोन वाजतुया. मी झेप घेऊन स्पीकर लावला.

“आदेश झाला,” समीक्षाला दम लागल्याला. “पुढच्या तारखेपर्यंत ताबा घ्यायचा नाही. जुन्या कंपनीनं तक्रारीचं काय केलं ते दोन्ही कंपन्यांनी सांगायचं. रोजनाम्याचा फोटो पाठवतेय. साहेबांना द्या फोन.”

सर्कलनं फोन घेतला, बोलला, फोटो मोठा करून वाचला, दोनदा वाचला, वरिष्ठांना फोन लावला. मग कुलूपवाल्याकडं बगून मान हालवली. त्येनं कुलूप पिशवीत टाकलं.

“आजी, सामान आत घ्या,” सर्कल म्हणला. “आन् आता त्यो चहा द्या.”

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. बायका उठल्या आन् पातेली उचलाय लागल्या. शंभूराज नवी गुंडाळी धरून तसाच उभा. आत्तीनं त्येला बी च्या दिला. “घे. तुज्या पोटाचा धंदा हाय,” म्हणली. “पण बाबा, वाचत जा.”

घर अजून सुटलं न्हाई, ह्ये सांगाय पायजे. तारखा चालू हाईत. मूळ कागद अजून मुंबईतच हाईत. समीक्षानं मला फोनवर पंधरा मिनिटं झाडलं. म्हणली, परत असं केलंत तर तुमच्या विरुद्ध वकीलपत्र मी घेईन, तेही फुकट. पण चूल पेटल्याली हाय आन् डबं जात्यात.

पैजेचं म्हणाल तर दादासोनं साडी काढली न्हाई. दोन दिवस इचार करून त्येनं वहीत मजकूर लिवून आणला आन् माज्याच दुकानात, माज्याच पैशानं, माज्याच हातानं छापून घेतला. दोन बोर्ड, एक छातीवर, एक पाठीवर, मधी दोरी. शनवारी साडेतीनची पाळी सुटायच्या टायमाला एमायडीसीच्या चौकात मला उभा केला. सगळी गल्ली बगाय आल्याली. आत्ती डब्यांची पिशवी घेऊन सावलीत बसल्याली.

बोर्डावर लिवलं हुतं: ‘मी नाथाजी. मी खोट्या नोटिसा लावतो. माझ्यामुळे एका बाईचे घर जात होते. दारावरचा कागद थट्टा समजू नका. त्यावरची तारीख लिहून ठेवा.’

भोंगा झाला आन् गाड्यांचा लोंढा सुटला. काय सांगू! पाचशे हॉर्न. “आवं नाथाकाका, लग्नाला उभारलासा काय!” “फिरा की, पाठ वाचू द्या!” कुणी फोटो काढतुया, कुणी शिट्टी मारतुया. माजं एक जुनं गिऱ्हाईक गाडी थांबवून हात जोडून गेलं. दादासो शेजारी उभा, काठी काखेत, “ताठ! मान वर! पोट आत!” म्या पोट आत घेतलं.

अर्धा तास झाला असंल. एक गडी गाडी हळू करून छातीवरचा बोर्ड वाचत गेला. फुडं जाऊन थांबला. गाडी वळवून परत आला. अंगावर ग्रीसनं भरल्याला शर्ट, पस्तिशीचा माणूस. शीट उचललं, खालनं प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातल्याला कागद काढला आन् माज्या फुडं धरला.

“काका, ह्यो तुमीच लावलाय का? आमच्या दारावर हुता. बायको म्हणली कुणीतरी चेष्टा केलीया.”

म्या बोर्डाच्या वरनं मान वाकवून कागद वाचला. खालची तारीख बगितली.

“माजा न्हाई,” मी म्हणलं.

त्येचं तोंड उतरलं. “मग?”

“दादासो, समीक्षाला फोन लाव,” मी म्हणलं, आन् त्या गड्याला, “गाडी बाजूला घे.”